केराबाईची काळी

केराबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, त्यामुळं जगातल्या कुठल्याही दुखण्याला तिच्याकडं मेंढराचंच औषध. त्र्याहत्तरच्या दुष्काळात कळप गेला आणि दुधनीतल्या तिच्या अंगणात उरल्या पाच कोंबड्या. त्यात नेमानं अंड्यांवर बसणारी एकटी काळी. बाकीच्या खायला काळ अन् भुईला भार. काळी होती म्हणून पुढं पिलांची आशा होती.

एका सकाळी मुंगसानं नेमकी काळीचीच पाठ फाडली. केराबाईनं ओरडून तिला सोडवलं, जखमेवर तेल-हळद थापली आणि सरळ बाकीच्या कोंबड्यांत सोडून दिली. जखमी मेंढरू कळपातून वेगळं काढलं की झुरून मरतं, हे बापानं शिकवलेलं. मग ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर काळी गायब. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण शिवम्मा कडाडली, "खुळी का काय गं तू? लाल मांस बघून त्या रांडा टोचून खात हुत्या तिला! मीच आणली हिकडं."

शिवम्माच्या परसात पालथ्या घातलेल्या बांबूच्या डालग्याखाली काळी मान टाकून बसली होती, पण जिवंत होती. केराबाई बघतच राहिली. गळ्यात लिंग बांधणारी ही बाई. कोंबडीचं पीस अंगणात उडालं तरी काठीनं ढकलायची. तिनं हातानं उचलली?

"तू दिसभर कामावर. ऱ्हाऊ दे हितंच," शिवम्मा म्हणाली.

तीन आठवडे काळी तिथं राहिली. शिवम्मा रोज जखम कडुलिंबाच्या पाण्यानं पुसायची, हळद लावायची, माश्या बसू नयेत म्हणून डालग्यावर फडकं टाकायची आणि तोंडानं कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. जखमेवर खपली धरली, नवी पिसं फुटली. एक दिवस काळी डालगं उलथून कण्या टिपायला धावली.

केराबाई तिला न्यायला गेली, तेव्हा शिवम्माचा नवरा गुरुलिंग ओट्यावर बसला होता.

"न्या की केराबाई एकदाची," तो हसला. "हिला शिवलं की परत आंगूळ केल्याबिगर आमची बाई पूजेला बसत न्हाय. रोज दोन आंगुळी! मी आपला पारोसा."

"गप बसा की," शिवम्मा म्हणाली.

त्या उन्हाळ्यात पाणी पाऊण कोसावरच्या विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे. काखेत काळी घेऊन केराबाई उभी होती आणि तिचे डोळे भरून आले.

"शिवम्मा, माझ्या कोंबडीपायी इतकं पानी?"

"टोचत हुत्या गं तिला. मला बघवंना."

दुसऱ्या दिवशी उजाडताना केराबाईनं विहिरीवरून आणलेली पहिली घागर शिवम्माच्या न्हाणीतल्या हंड्यात ओतली.

"आता कशाला गं? कोंबडी गेली की," शिवम्मा म्हणाली.

"जिती माझ्या घरी गेली की," केराबाई म्हणाली, आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा विहिरीच्या वाटेला लागली.