टाकी भरलेली होती

इथे लोक अनुभव टाकतात ते मी चहा पिता पिता वाचते आणि बहुतेक वेळा हसते. रागावू नका... मी उभं आयुष्य रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कोणी चकवा, हडळ असलं काही काढलं की मी त्याला फळ्याजवळ उभं करून विचारायची, "पुरावा काय?" आज माझ्याकडे पुरावा नाही, तरी लिहितेय. तुम्हाला पटवायचं म्हणून नाही. माझ्या भावाबद्दल या गावात जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि ते उघडं कसं पडलं हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

भाऊ म्हणजे सुहास, माझ्या पाठचा. जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी केली, पन्नाशीत घरी परत आला आणि गोव्यातल्या एका यार्डात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली जुनी केबिन क्रूझर उचलून आणली. फायबरची बोट. पुढे छोटीशी केबिन, दोन माणसं आडवी होतील एवढी, आणि मागे दोन पेट्रोल इंजिनं. ती इंजिनं म्हणजे नुसते बकासुर! मी म्हटलं, "अरे, हिला पोसण्यापेक्षा हत्ती पाळ." हा हसला आणि कामाला लागला. दोन्ही इंजिनं काढून एकच डिझेल इंजिन बसवलं, सडलेली वायरिंग उपटली, स्टीलची नवी टाकी केली, डिझेलमधलं पाणी अडवायला काचेच्या वाटीचा फिल्टर लावला. नाव ठेवलं 'रेवती'. मांडवीहून जयगडपर्यंत पर्यटकांना न्यायचं, असा बेत. भागीदार आमचा मावसभाऊ विलास. परवानग्या, जेटी, माणसं जमवणं हे त्याच्याकडे.

तेलाच्या बाबतीत सुहास म्हणजे कर्मठ भटजी. गाडीसारखा किलोमीटरवर हिशोब नाही चालत म्हणायचा, बोटीचा हिशोब तासांवर. वारा समोरून आला की त्याच अंतराला दीडपट तेल. म्हणून टाकीचे तीन भाग करायचे : एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. "तो समुद्राचा. त्याने मागितला तरच द्यायचा." गेजच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, लाटेबरोबर तो नाचतो. त्याने सागाची एक काठी तासली होती, तिच्यावर तीन खाचा. टाकीत काठी घालून ओली कुठपर्यंत येते ते बघितल्याशिवाय रेवती जेटी सोडायची नाही. असा हा माणूस मे महिन्यात जयगडहून एकटा परत येताना, भगवतीच्या किल्ल्याखाली, लाइट हाऊससमोर डिझेल संपून खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर गेला. बोट कपारीत अडकून राहिली. सुहासचं प्रेत मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं.

आणि विलास काय सांगत फिरला? "आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचा, ताई... पण डिझेल बघायलाच विसरला तो. हल्ली घेत होता जरा." घेत होता! ज्याने जहाजावर वीस देशांची बंदरं बघूनही थेंबाला हात लावला नाही, तो! पण लोकांना काय, चघळायला मिळालं. इंजिनिअर म्हणे आणि डिझेल संपून मेला. पानाच्या गादीवर, लग्नाच्या पंगतीत, माझ्या पाठीमागे लोक हसत होते ते मला कळत होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे सुहासच्या बायकोला, मेधाला ते पटलं. ती रडायची कमी आणि चिडायची जास्त. "एवढा निष्काळजी कसा हो झाला हा, ताई?" असं तिने विचारलं की माझ्या अंगाची लाही व्हायची.

कारण मला माहीत होतं. निघताना सुहासने मला जेटीवरून फोन केला होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं, तेल बघितलंस ना? तो म्हणाला, "विलासने आत्ताच काठी घातली. टाकी भरलेली आहे." सख्ख्या मावसभावाचा शब्द म्हणून त्याने एकदाच, आयुष्यात एकदाच, स्वतः बघितलं नाही. हे मी विलासला चारचौघांत विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी काठीला हातच लावला नव्हता. तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झालीय." माझा शब्द आणि त्याचा शब्द. त्याने बोट खडपातून काढली, दुरुस्त केली, भागीदार म्हणून ताब्यात घेतली. त्या दिवसापासून मला त्याचं वाटोळं व्हायला हवं होतं. सौम्य शब्द मला सुचत नाही, क्षमस्व वगैरे मी म्हणणार नाही.

नारळी पौर्णिमेला आमच्या आळीची माणसं मांडवीच्या जेटीवर जमतात, नारळ सोडण्याआधी आळीतले वयस्कर आप्पा गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली तक्रार आणि मागणं. एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्यावर बाकी सगळे "होय महाराजा!" म्हणतात. गप्प कोणी राहत नाही. राहिलाच तर शेजारचा वळून बघतो. मला देवाशी घेणंदेणं नव्हतं. मला विलासला कोंडीत पकडायचं होतं. मी आदल्या संध्याकाळी आप्पांकडे जाऊन एक वाक्य घालायला सांगितलं. आप्पांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाऊस, वर्षभराची मच्छी, मुंबईला गेलेली पोरं, सगळं झाल्यावर आप्पांनी आवाज चढवला, "आणि बा महाराजा, आमच्या सुहासच्या बोटीबद्दल ज्या कोणी खोटं सांगितलं असेल, त्याच्याकडून त्याच बोटीवर खरं वदवून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मी विलासच्या शेजारी उभी होते, मुद्दाम. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. हात जोडून, डोळे मिटून. मी मनात म्हटलं, मेल्या, जीभ झडत कशी नाही तुझी.

दसरा झाल्यावर विलासने रेवतीची पहिली फेरी ठरवली. मेधाला म्हणाला, "वहिनी, सुहास गेला तिथे फुलं सोडून येऊ." घरची माणसं आपल्या बाजूची आहेत हे गावाला दिसायला हवं होतं, दुसरं काय! मेधा तयार झाली. मग मीही गेले, त्याच्यावर नजर ठेवायला. बोट चालवायला राजिवड्यातले उस्मानभाई, चाळीस वर्षं तांडेल म्हणून मासेमारी केलेला माणूस. टाकी आमच्या सगळ्यांसमोर भरली, गळ्यापर्यंत. उस्मानभाईंनी सुहासचीच काठी घातली, ती वरच्या खाचेच्याही वर ओली आली. मी स्वतः हात लावून बघितला, बोटांना दोन दिवस वास होता.

लख्ख दुपार होती. किल्ल्याला वळसा घालून मिऱ्याच्या पुढपर्यंत गेलो, वळलो. लाइट हाऊससमोर मेधाने फुलं सोडली. आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा... बंद.

काटा 'फुल्ल'वर. उस्मानभाईंनी काठी घातली, वर काढली आणि तिच्याकडे बघतच राहिले. "ताई, सुकी आहे." मी काठी हिसकावून घेतली. आत घातली तेव्हा तळाला टेकल्याचा टक् असा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. बाहेर काढली. कोरडी. तेलाचा वाससुद्धा नाही... जशी घरातल्या कपाटातून आत्ता काढलीय. बोटीच्या तळाशी बघितलं, तिथे गळती नाही. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. जेमतेम तासभर चाललेल्या बोटीची भरलेली टाकी रिकामी!

दुपारचा वारा आत किनाऱ्याकडे ढकलत होता. उस्मानभाईंनी नांगर टाकला, तो खडकावरून घसरत राहिला. खडपांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं. मेधा केबिनच्या दांड्याला धरून उभी. उस्मानभाई फोनवर कोणाला तरी ओरडून बोलवत होते, पण कोणी पोहोचण्याआधी आम्ही दगडांवर असतो हे तेही जाणत होते.

विलास पांढराफटक. त्याने काठी घेतली आणि टाकीत घालायला लागला. घालायचा, काढायचा, शर्टाला पुसायचा, पुन्हा घालायचा. मग काठी त्याच्या हातातून पडली आणि तो सुकाणूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "सुहास, पुरे रे... पुरे!"

मी त्याची कॉलर धरली. "त्याला काय सांगतोस? हिला सांग. मेधाला सांग. मोठ्याने!"

आणि तो बोलला. आंब्याचा सीझन होता, वीज गेली होती, त्याच्या पॅकिंग शेडचा जनरेटर बंद पडला होता. पहाटे त्याने नळी लावून रेवतीच्या टाकीतून कॅन भरून नेले. नुसता तिसरा भाग, तो कुठे लागतो, दुपारपर्यंत परत भरू असं त्याला वाटलं. पण सुहास ठरल्यापेक्षा लवकर जेटीवर आला. "मी म्हटलं काठी घातली, भरलेली आहे. काय बोलणार होतो, वहिनी? त्याने मला चोर म्हटला असता. मला वाटला पुरेल... वारा पडेल, पुरेल." आणि नंतर सुहास घेत होता हे कोणी पसरवलं, हेही मी विचारलं. "मीच," म्हणाला. "मीच, ताई."

मेधा त्याच्याकडे बघत होती. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं, पण ती फक्त बघत होती.

उस्मानभाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खाली पडलेली काठी उचलून पुन्हा टाकीत घातली. वर आली ती ओली. बरोबर खालच्या खाचेपर्यंत, एक तृतीयांश. त्यांनी "या अल्ला" म्हटलं आणि किल्ली फिरवली. आता जाणकारांनो, नीट वाचा. डिझेल इंजिनाची टाकी एकदा सुकली की नळ्यांमध्ये हवा भरते, ती पाना लावून काढल्याशिवाय इंजिन सहसा उठत नाही. रेवती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. खडप इतके जवळ होते की त्यांच्यावरचे कालवांचे शिंपले मला दिसत होते.

जेटीवर आल्यावर मेकॅनिकने सगळं उलगडून बघितलं. गेज अडकू शकतो, टाकीतली नळी तुंबू शकते, म्हणाला. बरं, मान्य. मग काठी? काठी काय अडकते? सागाचा तुकडा आहे तो! एवढ्या लोकांना उन्हात एकदम भ्रम झाला म्हणावं तर तो तेल मोजून कसा झाला? आणि भरलेलं उरलेलं तेल गेलं कुठे? मला माहीत नाही. विज्ञानाच्या बाईंना माहीत नाही.

नंतरचं जे आहे त्यात मात्र काही गूढ नाही, ते मी केलं. विलासला सांगितलं, जिथे जिथे जाऊन खोटं सांगितलंस तिथे तिथे जाऊन खरं सांगायचं. पानाची गादी, जेटी, आळीतलं प्रत्येक घर. तो जायचा, आणि मी मागे उभी राहायची, हाताची घडी घालून. आवाज बारीक झाला की म्हणायची, "ऐकू नाही आलं." त्याची बायको माझ्या पाया पडली, पुरे म्हणाली. मी पुरे केलं नाही. आप्पांच्या ओटीवर तो रडला, तेव्हा मला फार बरं वाटलं. बोट मेधाच्या नावावर झाली. लोक आता सुहासचं नाव नीट घेतात.

परवा मेधा माझ्याकडे आली होती. कालवण-भात खाऊन झाल्यावर म्हणाली, "ताई, एक विचारू? तिथे सुहास होता असं धरलं... तर विलास हातात सापडलेला असताना, खडप समोर असताना, त्याने त्याला सोडलं का?"

मी तिला म्हटलं, "तू पण बोटीवर होतीस ना."

"पण त्याच्या जागी तुम्ही असतात तर?"

मी खरं ते सांगितलं. मी सोडलं नसतं.