भावकूची मूठ

कंग्राळी गावाच्या पलीकडं दगडाची पांढरी पूड दळणारी एक गिरणी आहे. तिथून बावीस वर्षं एकही गाडी भावकूच्या मुठीशिवाय सुटलेली नव्हती. पूड मुठीत आवळायची, मूठ उघडायची. लाडू वळला तर माल बारीक, फुटला तर परत दळा. मालक नागोजीअण्णासुद्धा या मुठीपुढं तोंड उघडत नसत.

अशात बेळगावातून रसायनशास्त्र शिकलेली कल्याणी आली, आणि तिच्याबरोबर एक निळा कॅन. टनाला अर्धा लिटर औषध घातलं की दळण लवकर बारीक होतं म्हणे. भावकूनं झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"ताई, टनभर दगडाला अर्धा लिटर? आमच्यात आमटीला फोडणी ह्याच्यापरास जास्त पडतीय."

"मामा, त्यानं पूड गिरणीतल्या लोखंडी गोळ्यांना चिकटत नाही."

"मग गोळं झिजत असणार. लबाडी कुठंतरी हायच."

भावकूचा संशय तसा जुनाच. बायकोनं न मागता चहा दिला, तर कपाला हात लावायच्या आधी तो विचारायचा, "माहेरास्नं कोण यायलंय?"

औषधाचा पहिला माल निघाला. भावकूनं मूठ आवळली, उघडली. लाडू कसला, पूड पाण्यासारखी बोटांतून निसटली.

"जाडं हाय. गाडी न्हाय सोडायची."

शामू ड्रायव्हरनं चालू केलेलं इंजिन बंद केलं. नागोजीअण्णांचा चेहरा उतरला.

कल्याणीनं तीच पूड चाळली. चाळणीवर जाड पूड जेमतेम चिमूटभर राहिली. भावकूनं चाळण उन्हात धरून कुठं फाटलीय का बघितलं. फाटकं काही सापडेना. मग गेल्या आठवड्यात त्यानंच पास केलेल्या मालाचं पोतं ओढत आणलं आणि तेवढीच पूड स्वतः चाळली. वर ओंजळभर उरली. पुन्हा हलवली, तरी उरलीच.

"मामा, बारीक कण एकमेकांना चिकटतात, म्हणून लाडू वळतो," कल्याणी हळूच म्हणाली. "औषध त्यांना चिकटू देत नाही. आता बारीक असूनही ते निसटतात."

भावकू आपल्या पांढऱ्या तळव्याकडं बघत राहिला. शामूनं कल्याणीकडं बघितलं. ती भावकूकडं बघत थांबली होती. नागोजीअण्णाही.

"सोड रं गाडी," शेवटी भावकू म्हणाला.

आता प्रत्येक माल भावकूच चाळतो. चाळण त्याच्या कुलपात, किल्ली करदोट्याला. कल्याणीवर त्याचा विश्वास बसलाय. चाळणीचं अजून बघायचंय.