साहेबांना ओव्हरटेक कसं करायचं?

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार मराठी माणसं एका नोकरीत आणा, त्यांना हौसेनं एखादा क्लब काढू द्या आणि स्वस्थ बसा. किस्से आपोआप साचतात. आमचा तर स्की क्लब, आणि तोही सौदीत, यान्बूला!

यान्बूत बर्फ बघायचा तर मासळी बाजारात जावं लागतं. म्हणून आम्ही रोलरस्की करतो. बुटाखाली लांब पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना चाक, हातात दोन काठ्या आणि समोर डांबरी रस्ता. ब्रेक नाही! कोच मी. कारण कंपनीनं मला दोन हिवाळे नॉर्वेला पाठवलं होतं. तिथे मी बहुतेक वेळ बर्फात बसलेलोच असायचो, पण त्याला इथे साक्षीदार कुणी नाही.

*

पहिल्याच प्रॅक्टिसला समुद्राकाठच्या रस्त्यावर गस्तीच्या गाडीनं आम्हाला अडवलं. हेल्मेट, काळे गॉगल, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन काठ्या. संशय येणारच! गाडीतून अबू नासिर नावाचे पोक्त गृहस्थ उतरले.

"इकामा!"

सगळ्यांची रहिवासी परवान्याची कार्डं तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"स्की," मी म्हणालो.

त्यांनी रस्ता पाहिला, समुद्र पाहिला, मग आम्हाला पाहिलं. "बर्फ कुठाय?"

"नाहीये."

त्यांनी कार्डं परत दिली, गाडीतून पाण्याच्या बाटल्या काढून आमच्या हातात ठेवल्या आणि फार मायेनं म्हणाले, "उन्हात जास्त वेळ राहू नका."

*

यंदाच्या हिवाळ्यात यान्बूतच रेस ठरली. रियाध आणि जेद्दाचे क्लबही येणार होते. पहिल्या तिघांना परदेशात, खऱ्या बर्फावर ट्रेनिंगला पाठवणार होते. ते ऐकून आमचा प्रथमेश वेडाच झाला.

प्रथमेश साताऱ्याचा, आमच्या रिफायनरीतला सगळ्यात ज्युनियर इंजिनियर. बर्फ त्यानं कधी पाहिलेला नाही, पण चाकांवर असा पळतो की बघत राहावं. "आईला सांगून ठेवलंय सर, बर्फातनं व्हिडिओ कॉल करतो म्हणून!" शिफ्ट संपली की पोरगा रस्त्यावर. तो पहिल्या तिघांत यावा असं मला मनापासून वाटत होतं. मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेलाही मी एवढे नवस बोललो नव्हतो.

शुक्रवारी सकाळी सगळे स्टार्ट लाइनवर उभे राहिले. आणि आमचे सेफ्टी ऑफिसर कुलकर्णी पुढे आले. प्लांटमध्ये कुठल्याही कामाआधी धोके समजावून सांगायची मीटिंग होते, तशी त्यांनी इथे सुरू केली!

"चला, समोर कुठले कुठले धोके दिसतायत? एकेकानं सांगा बरं."

एकानं वाळू सांगितली, एकानं मांजर. तेवढ्यात शिट्टी वाजली. बाकीचे क्लब सुटले. आमचे लोक हात बांधून उभे! सेफ्टीची मीटिंग अर्धवट सोडायची नसते, हे प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं.

कुलकर्ण्यांनी शेवटी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी म्हणालो, "हो. बाकीचे कुठे गेले?"

*

वाटेतल्या पाण्याच्या टेबलाची जबाबदारी आमच्या सौभाग्यवतींकडे होती. नुसतं पाणी ठेवणं तिला बरं वाटेना, म्हणून तिनं कांदेपोहे केले. वरून शेव, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत.

सगळ्यांच्या पुढे असलेला रियाधचा उंच गडी पाणी घ्यायला जरा थांबला. झालं! "तफद्दल, तफद्दल, घ्या ना" म्हणत तिनं त्याच्या हातात प्लेटच दिली. तो बिचारा सभ्य निघाला. खात उभा राहिला. त्याच्या मागून आलेले जेद्दाचे दोघे तर खुर्च्या शोधायला लागले.

मी पळत गेलो. "अगं, हे आपले प्रतिस्पर्धी आहेत!"

"म्हणून काय उपाशी पाठवू?"

*

पण खरी अडचण होती देशपांडे साहेबांची. ते आमचे मॅनेजर. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून क्लबात आलेले. मीटिंग संपल्यावर सगळ्यांत आधी तेच निघाले, संथपणे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. आणि अख्खा क्लब त्यांच्या मागे! अप्रेझलचा महिना चालू होता ना. चार गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा रुंद रस्ता, आणि आमची मंडळी एका रांगेत, ग्रेडप्रमाणे. प्रथमेश अर्थातच शेवटी.

मी बाजूनं धावत ओरडलो, "प्रथमेश, पुढे जा!"

"सर, साहेब आहेत पुढं!"

"बाजूनं काढ ना!"

"बरं दिसत नाही सर!"

साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि खूश होऊन मला म्हणाले, "कोच, माझा पेस कुणालाच झेपत नाहीये!"

वळण कसं घ्यायचं, तोल कसा सांभाळायचा, सगळं मी शिकवलं होतं. साहेबांना ओव्हरटेक कसं करायचं, ते राहून गेलं. त्या पोराकडे बघून माझं रडायचं बाकी होतं.

*

पोह्यांच्या टेबलापाशी साहेब थांबले. मागे अख्खी रांग थांबली. तोवर रियाध-जेद्दावाले खाऊन, हात धुऊन पुढे गेले होते.

"वहिनी, झकास झालेत हं," असं म्हणत साहेबांनी दोन घास खाल्ले. मग वळून रांगेकडे पाहिलं, पार शेवटपर्यंत. आणि प्लांटमधल्या ठेवणीतल्या आवाजात ओरडले, "प्रथमेश! फिनिश लाइनला जा, तिथे काय परिस्थिती आहे बघ आणि मला येऊन रिपोर्ट कर. अर्जंट आहे. यल्ला, पळ!"

"येस सर!"

प्रथमेश जो सुटला! टेबलापासून फिनिश लाइनपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता आम्हाला दिसत होता. पोटभर पोहे खाल्लेला रियाधचा गडी मागे पडला. मग बाकीचे एकेक करून मागे पडत गेले. शेवटच्या वळणावर त्यानं आणखी एकाला गाठलं आणि तिसऱ्या नंबरानं फिनिश लाइन ओलांडली. मी ओरडत शेजारच्या कुलकर्ण्यांना हेल्मेटसकट मिठी मारली. खरंच डोळे भरून आले. आयोजक मेडल घेऊन पुढे झाले.

पण प्रथमेश थांबलाच नाही! त्यानं तिथेच वळण घेतलं आणि समोरून येणाऱ्या स्पर्धकांना चुकवत उलटा सुसाट निघाला. ब्रेक नसल्यामुळे पोह्यांचं टेबल धरूनच थांबला आणि धापा टाकत साहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"सर, फिनिश लाइन क्लिअर आहे. आपण येऊ शकता!"