थोरल्या जाऊबाईंच्या पोटातला फुगवटा

कॅमेऱ्याची गोळी गिळायच्या आधी थोरल्या जाऊबाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "एवढीशी हाय, अन् समदं बघती? बाई, आत लई पसारा असंल. हसू नको."

त्या करमाडहून आल्या होत्या. रक्त सारखं कमी व्हायचं. वरून दुर्बीण झाली, खालून झाली, काही सापडेना. राहिलं लहान आतडं, आणि ते बघणारी मोठी डॉक्टरीण म्हणजे मी. काय थाट होता माझा! कडक इस्त्रीची साडी, बोलण्याला इंग्रजीची फोडणी, आणि चष्मा पर्समध्ये. का, तर चष्म्यात म्हातारी दिसते. आता बिनचष्म्याचीही दिसते.

गोळीनं आतून काढलेली फिल्म बाहेरच्या पेशंटची असली की दवाखान्यातले आम्ही दोघं डॉक्टर वेगवेगळी बघायचो, मग ताडून घ्यायचो. घरच्यांची मात्र मी एकटीच, सगळ्यात शेवटी. घरच्यांना कसला आलाय दुसरा डॉक्टर! जाऊबाई जन्मभर सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं जेवल्या. त्यांची फिल्मही मी उरल्या वेळात, वेग वाढवून उरकली.

एका ठिकाणी भिंत फुगलेली दिसली. शेजारचं वेटोळं बाहेरून टेकलं की असा फुगवटा येतो. त्याला धड काठ नसतो, तो पसरट असतो, पुढची वाट दिसत राहते, आणि जरा वेळानं तो विरतो. गाठीला काठ असतो. ती उंच उठते, वाट झाकते, गोळी तिच्यापाशी रेंगाळते. हे मी डॉक्टरकीच्या पोरांना शिकवायचे, खडू आपटून. गोळी तिथं किती वेळ थांबली ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येत होतं. या डॉक्टरीण बाईसाहेबांनी तिकडं पाहिलंच नाही. लिहून टाकलं: बाहेरच्या दाबाचा फुगवटा, काळजी नको.

जाऊबाईंनी गावभर सांगितलं, "धाकटीनं पोटात शिरून बघितलं. समदं चकाचक हाय."

दीड वर्षानं त्यांचं आतडं अडलं. पोट उघडलं तर त्याच जागी गाठ, आणि तिची पिल्लं यकृतात. मी जुनी फिल्म काढली, या वेळी चष्मा लावून. काठ होता. वाट झाकलेली होती. गोळी तिथं कितीतरी वेळ घुटमळली होती.

वॉर्डात जाऊबाईंनी विचारलं, "बाई, तवा नव्हतं ना गं हे?"

"नव्हतं."

"व्हय ना. असतं तर तू सोडलं असतंस व्हय?" मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "तिला बसाया दे गं. कवाची उभी हाय."

मी बसले.

त्यानंतर चार महिने त्या होत्या. मी रोज सकाळी मोसंबी घेऊन जायचे. खोलीत पुष्कळदा आम्ही दोघीच असायचो. मी मोसंबी सोलायचे, बिया काढायचे, गावाकडच्या गप्पा मारायचे. निघताना त्या माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. मी मान पुढं करायचे.