उलट्या पट्टीचं पुस्तक

नव्या खाकी कागदाचा वास आला की भांडुपचं ल्युथरन चर्च आठवतं. बारावीची पुस्तकं घ्यायला घरात पैसे नव्हते, कॉलेज सोडायची वेळ आलेली. तिथली मंडळी रविवारच्या उपासनेनंतर जुन्या पुस्तकांना नवी कव्हरं घालून वाटायची. आई मला घेऊन गेली खरी, पण दारातच अडली. "बाई, आम्ही तुमच्यातले नाही." पाळकांच्या मिसेस हसल्या, "अहो ताई, पुस्तकं तरी कुठे आमच्यातली? केमिस्ट्रीची आहेत!" तरी आई हलेना. "फुकट नको मला." "मग बसा ना, कव्हरं घाला." शाळा न पाहिलेली माझी आई दुपारपर्यंत त्यांच्यात बसून कव्हरं घालत होती. माझ्या पुस्तकावर तिनं नावाची पट्टी उलटी चिकटवली. मिसेसनी ती तशीच ठेवून पुस्तक माझ्या हाती दिलं. आज घरातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून मी मिरवतो, पण त्या माणसांनी माझ्या आईला देणाऱ्यांत बसवलं, याचा अभिमान जास्त आहे.