पिळाच्या दांड्याचा कामठा

कुठलीही लांब वस्तू हातात आली की ते डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने तिच्या टोकापर्यंत बघायचे. काठी, छत्रीचा दांडा, नवा पाइप, काहीही. मग निकाल द्यायचे, "पीळ हाय." पहिल्या भेटीत त्यांनी माझं पेन असंच तपासलं आणि परत देताना विचारलं, "लिवता कसं याच्यानं?"

खर्डीहून तानशाकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा लागतो. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर कदाचित त्यांना पाहिलंही असेल. अंगणात उकिडवं बसून, दांड्याचं एक टोक पायाखाली दाबून, कोयत्याने तासणारा किडकिडीत म्हातारा. कामठा, म्हणजे लाकडी धनुष्य, करणारं आसपासच्या पाड्यांत दुसरं कोणी उरलं नव्हतं. गिऱ्हाईकही फार नव्हतं. शेतातली माकडं हाकायला कोणी एखादा न्यायचं, फार्महाऊसवाले भिंतीवर टांगायला न्यायचे.

एकटं उरल्याचा त्रास वेगळाच होता. रानात डुक्कर किंवा भेकर मेलेलं सापडलं की जंगलाच्या चौकीवरून त्यांना बोलावणं यायचं. सकाळी जायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी सुटायचं. अशा दोन वेळा बातमीच्या निमित्ताने मी तिथे हजर होतो. दोन्ही वेळा जनावराच्या गळ्यात मोटारसायकलच्या ब्रेकची तार होती.

"बाबा, कामठे तूच करतोस ना?" गार्डने विचारलं.

"करतो. तार नाय करत."

गार्ड हसला. तरी त्यांना पाच वाजेपर्यंत बसवून ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या शेतात भाताची लावणी होती.

कार्डाची कल्पना माझी. शहापुरातलं एक कार्यालय पारंपरिक कारागिरांना ओळखपत्रं देणार होतं आणि त्याची बातमी मीच केली होती. मी त्यांना म्हणालो, कार्ड असलं की तुम्ही कागदोपत्री कारागीर झालात, शिकारी नाही.

"मंग चौकीवर नाय बोलावनार?"

"नाही बोलावणार," मी म्हणालो. हे मी कोणालाही विचारून म्हणालो नव्हतो.

अट एकच होती. स्वतः केलेला नमुना कार्यालयाच्या समितीला दाखवायचा. उभं झाड तोडणं हा गुन्हा, त्यामुळे रस्ता रुंद करताना पडलेल्या धामणीच्या झाडाची एक फांदी त्यांनी मागून आणली. बाकीचा सरळसोट माल आधीच कोणीतरी नेला होता. उरलेली ही फांदी दोरखंडासारखी पिळलेली होती.

"ही कशाला घेतलीत?"

"धामन हाय ना? सरळ केली का झाला."

सरळ करणं म्हणजे काय, ते मी पुढचे काही आठवडे पाहिलं. करवत त्यांनी लावलीच नाही. पाचर ठोकून फांदी उभी फोडली. तंतू जिकडे वळला तिकडे फोड गेली आणि तेवढंच लाकूड त्यांनी ठेवलं. "हा दोरा तुटला का कामठा मेला," असं म्हणत ते तंतूवरून अंगठा फिरवायचे. मग तेल लावून दांडा निखाऱ्यांवर शेकायचा, एक टोक दोन खुंट्यांत अडकवायचं, दुसऱ्याला आडवी काठी बांधून उलटा पीळ द्यायचा आणि काठीला दगड टांगून गार होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी निम्मा पीळ परत आलेला असायचा. ते पुन्हा शेकायचे.

त्यांची बायको चुलीपुढून ओरडायची, "लाकडाला शेकतंय, तेल लावतंय! माझं गुडघं कवा शेकलंस रं?"

"तुझा पीळ नाय जायाचा गो," ते शांतपणे म्हणायचे. तीच आधी हसायची.

शेवटी कामठा झाला. दिसायला थोडा नागमोडी, पण बांबूच्या कामटीची दोरी बरोबर मधोमध बसत होती. त्यांनी तो माझ्यासमोर पुरा ओढला. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. तीर समोरच्या सागाच्या बुंध्यात इतका रुतला की मला उपटता आला नाही.

समितीतल्या एका सदस्याने तो टेबलावर ठेवून पाहिला. कामठा टेबलाला टेकेना. "हा वाकडा आहे. फिनिशिंग नाही. सरळ करून आणा," तो म्हणाला. आठ दिवसांची मुदत मिळाली.

त्यांचा मुलगा आसनगावला फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता. बापाची खटपट त्याला बघवली नाही. न विचारता तो कामठा घेऊन गेला, रंधा मशीनवर दोन्ही बाजूंनी सरळ केला, पॉलिश मारून परत आणला. कामठा आरशासारखा चमकत होता.

म्हाताऱ्याने अंगठा फिरवला.

"बेस दिसतो," ते मुलाला म्हणाले. मग मला हळूच, "सगळं दोरं कापलं. वढला का मोडंल."

दुसरा करायला लाकूड नव्हतं, वेळही नव्हता. समितीत तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. वाहवा झाली. ओढून कोणीच पाहिला नाही. नमुना कार्यालयाने ठेवून घेतला, कार्ड मंजूर झालं, मी फोटो काढला.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सांगितला असता तर कार्ड देनार होते?" चहा अर्धा ठेवून ते उठले. "आजवर मेलेला कामठा कुनाला दिला नवता."

फोटोखाली मी 'अस्सल कारागिरीचा सन्मान' अशी ओळ दिली. ती छापून आली.

पुढचं डुक्कर दिवाळीनंतर मेलं. बोलावणं आलं. या वेळी ते कार्ड घेऊन गेले, मीही बरोबर होतो. नवा गार्ड होता. त्याने कार्ड नीट वाचलं. व्यवसाय, धनुष्यबाण बनविणे. खाली शिक्का.

"आता तर लेखीच आहे," तो म्हणाला आणि त्याने कार्ड झेरॉक्स काढायला पाठवलं.

ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. बाकावर जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी कोयता हातात घेतला नाही. पावसाळ्याआधी बायकोला घेऊन मुरबाडला मुलीकडे गेले. तिथेच भाद्रपदात वारले. मला आठवड्याने कळलं. वर्तमानपत्रात दोन ओळी द्याव्यात असं मनात होतं, पण त्या दिवशी जागा नव्हती.

यंदा माघात तानशाच्या बाजूला एक भेकर मेलं. बातमीसाठी मी चौकीवर पंचनामा वाचायला मागितला. गळ्यात तार, असं त्यात नोंदलेलं होतं. मागे कार्डाची झेरॉक्स टाचलेली होती. शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं: संशयित इसमाचा राहत्या घरी शोध घेतला असता तो मिळून आला नाही, शोध चालू आहे.