पाच ब्लाऊजांची पिशवी

इंदूबद्दल मला फारसं माहीत नाही. सौसरला चौदा वर्षं आमच्या घरांना एकच भिंत होती, तरी तिचं माहेर लोधीखेडा की मोहगाव, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. नगरपालिकेत कारकुनी केली, पण कागदावर मनातलं लिहायची सवय नाही. चुकेल बहुतेक.

तिचा नवरा कवडू संत्र्याच्या बाजारात हमाली करी. त्र्याऐंशीच्या सुमारास ती पेंटेकोस्टल प्रार्थनाघरात जाऊ लागली. तिथल्या शांताबाई दुपारी बायकांना शिवण शिकवत. त्या मंडळीत दागिने घालत नाहीत. इंदूनं गळ्यातलं डोरलं काढलं, विकलं आणि शिलाई मशीन घेतली. वर्षभरात आमच्या गल्लीतल्या सगळ्या ब्लाऊजना तिच्या हाताची टीप होती. प्रतिभाचं, तिच्या मुलीचं, शाळेचं सगळं ती स्वतःच बघू लागली.

पण तिच्या मोकळ्या गळ्यावर बायका कुजबुजत. कवडू ओट्यावरून मला हाक मारून ओरडे, "मी जित्ता हाव ना, बाबूजी? मंग सांगा ह्या बायाईले!" सगळे हसत. एकदा तोच तिला म्हणाला, "गिऱ्हाईक आलं का खोटे मणी घालत जाय."

"देवासाठी एक अन् गिऱ्हाइकासाठी एक, असे दोन गळे कुठून आणू?" ती मशीन न थांबवता म्हणाली.

रोजचे ब्लाऊज येत राहिले. लग्नाचे मात्र कोणी देईना, आणि खरी कमाई लग्नसराईतच असते. शहाऐंशीत आमच्या मंगलाचं लग्न ठरलं. शेजारच्या बाबूजीनं दिलं की बाकीचेही देतील, असं इंदू कवडूला म्हणाली होती. भिंत पातळ होती, मी ऐकलं होतं.

माझी बायको मालती म्हणाली, "मोकळ्या गळ्याच्या बाईनं नवरीचं शिवलेलं चालते का? पांढुर्ण्याच्या शिंप्याले देऊन या."

मी पाच ब्लाऊजांचं कापड पिशवीत घालून निघालो. इंदू दारातच होती.

"आणा बाबूजी. मंगलाचं माप मले पाठ हाय."

"ऑफिसचे कागद आहेत," मी म्हणालो.

पिशवीतून हिरव्या कापडाचा काठ बाहेर आला होता. तिनं तो पाहिला. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

त्या उन्हाळ्यात तिच्याकडे लग्नाचं एकही कापड आलं नाही. पुढे रोजचेही कमी झाले. बाबूजीच देत नाहीत, असं बायका म्हणत. ती बोरगावला कापसाची पोती शिवायला जाऊ लागली. दिवाळीनंतर तेही सुटलं. मशीन तिनं विकली नाही, शांताबाईंना दिली. दुसरी कोणी शिकेल म्हणाली. मग तिघं नागपूरला गेली. दोन वर्षांनी ती तिथे काविळीनं वारल्याचं कवडूनं सांगितलं.

नागपूरला जायच्या दिवशी ती बसस्टँडवर ट्रंकेवर बसली होती. मला टाळता आलं नाही.

"मंगला बरी हाय ना, बाबूजी?"

"हो."

"ब्लाऊज बसले का बरोबर?"

"खांद्यात थोडे ढिले झाले."

"हे महिन्यानं येतीन, ह्यायच्याजवळ द्या. हातानंच टीप घालून देईन."

"देतो," मी म्हणालो.